वणव्याची वही: सोलापूरचे माळरान आणि आकाशातून होणारी मोजदाद

१/
सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याने सुमारे २० किलोमीटर गेले की नान्नज लागते. येथे डोंगर नाहीत, घनदाट झाडी नाही. नजर पोहोचेल तेथवर उघडा माळ आणि मधूनमधून ज्वारीची शेते. फाल्गुन-चैत्रात माळावरचे गवत वाळून पिवळे पडते. एखादी ठिणगी पडली आणि वाऱ्याची साथ मिळाली, की तासा-दोन तासांत माळाचा मोठा तुकडा काळाठिक्कर होतो. त्या काळ्या डागाची नोंद पुढे दोन ठिकाणी होऊ शकते. एक, वनरक्षकाच्या वहीत. दुसरी, ७०० ते ८०० किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या उपग्रहाच्या चित्रात.

२/
या दोन नोंदी जुळतीलच असे नाही. काय जळाले, किती जळाले आणि जे जळाले त्याला नुकसान म्हणायचे की नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे गेल्या दीडशे वर्षांत वारंवार बदलली आहेत. सोलापूर जिल्ह्यात वनाच्छादन एक टक्क्याहूनही कमी आहे. म्हणून वणव्याच्या इतिहासात या जिल्ह्याचे नाव सहसा येत नाही. परंतु वणव्याची मोजदाद नेमकी कोठे फसते, हे पाहायचे असेल तर सोलापूरच्या माळाइतकी चांगली जागा दुसरी सापडणार नाही.

३/
आरंभ इंग्रजी अमदानीपासून करावा लागतो. मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे पहिले वनसंरक्षक नेमले गेले. १८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस हे हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. त्याच दशकात मध्य प्रांतातील बोरीच्या जंगलात कर्नल पिअर्सन यांनी वणवा रोखण्याचा पहिला मोठा संघटित प्रयोग केला. जंगलाभोवतीचा पट्टा आधीच साफ करून जाळून ठेवायचा, म्हणजे बाहेरची आग आत शिरणार नाही. हीच आजची जाळरेषा.

४/
पुढे १८७८ च्या भारतीय वन कायद्याने राखीव वनात आग लावणे हा गुन्हा ठरवला. हे साल सोलापूरकरांनी लक्षात ठेवावे असे आहे. १८७६ ते १८७८ या काळातील दुष्काळाने मुंबई इलाख्यातील ज्या जिल्ह्यांची दैना केली, त्यांत सोलापूर अग्रभागी होते. माणसे आणि जनावरे चाऱ्या-पाण्यावाचून मरत होती. त्याच काळात गवत, चराई आणि आग या तिन्ही गोष्टी कायद्याच्या कक्षेत आल्या. मेंढपाळाच्या दृष्टीने आग म्हणजे नव्या कोंबांची तयारी होती. सरकारी वहीत तीच आग अपराध म्हणून नोंदली जाऊ लागली.

५/
वनखात्याच्या वार्षिक अहवालांत मग वणव्याचे रकाने आले: संरक्षित क्षेत्र, जळालेले क्षेत्र, आगीची कारणे, झालेला खर्च. क्षेत्र एकरांत आणि नुकसान रुपयांत. या हिशेबाच्या केंद्रस्थानी होते इमारती लाकूड. साग जळाला तर नुकसान मोठे, गवत जळाले तर किरकोळ. जळालेल्या क्षेत्राची हद्द माणूस चालत जाऊन ठरवी. त्यामुळे नोंद किती खरी, हे चालणाऱ्याच्या पायांवर आणि प्रामाणिकपणावर अवलंबून राहिले.

६/
प्रत्येक आग वाईटच, हा समज खुद्द वनाधिकाऱ्यांनाही फार काळ टिकवता आला नाही. १८९६ मध्ये स्लेड नावाच्या वनाधिकाऱ्याने ‘इंडियन फॉरेस्टर’ या नियतकालिकात असे मांडले, की ब्रह्मदेशात आगीपासून अतिसंरक्षण होत असून त्याचा सागाच्या नव्या रोपांनाच तोटा होत आहे. खात्यात यावर पुढे दीर्घकाळ वाद चालला. जळालेले क्षेत्र आणि झालेले नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही जाणीव उपग्रहाच्या कितीतरी आधीची आहे.

७/
दरम्यान दुसरीकडे, जंगलाशी काहीही संबंध नसलेल्या एका खोलीत या कथेचा दुसरा धागा सुरू झाला होता. १८०० मध्ये विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले आणि प्रत्येक रंगात तापमापक ठेवला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे पारा आणखी वर चढला. डोळ्यांना न दिसणारा हा प्रकाश म्हणजे अवरक्त किरण. वणव्याची आजची सारी मोजणी या अदृश्य प्रकाशावर उभी आहे.

८/
हिरवे, सशक्त पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि जवळचा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. हिरवा रंग दिलेले कापड तसे करत नाही. दुसऱ्या महायुद्धात याच फरकाचा उपयोग करून खास फिल्म बनवली गेली. रंगवलेल्या जाळ्यांखाली दडवलेले रणगाडे आणि खरी झाडी त्या फिल्मवर वेगवेगळ्या रंगांत उमटत. शत्रू शोधण्यासाठी बनलेले हे साधन पुढे रोगट झाडे आणि जळालेली राने शोधण्याच्या कामी आले.

९/
भारतात ही वाट दाखवली पी. आर. पिशारोटी यांनी. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ते संस्थापक संचालक. १९७० मध्ये त्यांनी केरळातील नारळाच्या बागांवरून हेलिकॉप्टर फिरवून अवरक्त फिल्मवर छायाचित्रे घेतली. मूळकुज रोगाने ग्रासलेले माड जमिनीवरून ओळखणे कठीण होते; चित्रांत ते निरोगी माडांपेक्षा वेगळे दिसले. वरून पाहून खालच्या झाडाची प्रकृती सांगता येते, हे या प्रयोगाने देशाला दाखवून दिले. पिशारोटींना भारतीय सुदूर संवेदनाचे जनक म्हणतात ते याचमुळे.

१०/
आता १९७२ हे साल. महाराष्ट्राच्या स्मृतीत ते एकाच शब्दात कोरले गेले आहे: दुष्काळ. सोलापुरात विहिरी आटल्या होत्या आणि खडी फोडण्याच्या कामांवर माणसांची रांग लागली होती. त्याच वर्षी २३ जुलैला अमेरिकेने लँडसॅट-१ हा उपग्रह सोडला. सुमारे ९०० किलोमीटर उंचीवरून तो दर १८ दिवसांनी पृथ्वीवरील त्याच जागेवर परत येई. व्हर्जिनिया नॉरवुड या अभियंतीने रचलेले त्याचे यंत्र हिरवा, तांबडा आणि दोन अवरक्त पट्टे टिपत असे. त्याच्या चित्रातील एक ठिपका जमिनीवर सुमारे ८० मीटरांचा होता.

११/
दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र विकास कार्यक्रम आला. त्याखाली नान्नजच्या माळावरचे काही तुकडे राखले गेले आणि तेथील चराई थांबली. गवत वाढले, आणि त्या गवतात माळढोक दिसू लागला. उभा राहिला तर सुमारे मीटरभर उंच, जमिनीवरच एखाद-दुसरे अंडे घालणारा हा भारदस्त पक्षी तेव्हाही दुर्मीळ झाला होता. सोलापूरच्या स्थानिक पक्षिनिरीक्षकांनी त्याची नोंद केली आणि माळाकडे पाहण्याची दृष्टी बदलू लागली.

१२/
१९७९ हे या कथेतील कळीचे वर्ष. जूनमध्ये भारताचा पहिला भूनिरीक्षण उपग्रह भास्कर-१ सोव्हिएत रशियातून अवकाशात गेला. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्थेचे शादनगर येथील केंद्रही याच सुमारास लँडसॅटची चित्रे थेट उतरवून घेऊ लागले. आणि सप्टेंबरमध्ये सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांतील सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र माळढोक अभयारण्य म्हणून जाहीर झाले. वरून पाहणारा डोळा आणि खालचा राखीव माळ भारताला जवळजवळ एकदमच मिळाले. मात्र त्या डोळ्याने माळाकडे पाहावे कसे, हे कोणी ठरवले नव्हते.

१३/
१९८० च्या दशकात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने असद रहमानी यांच्या नेतृत्वाखाली माळढोकाचा दीर्घ अभ्यास केला. त्याच्या मोजक्या केंद्रांत नान्नज होते. याच काळात हैदराबादच्या संस्थेने उपग्रह चित्रांवरून देशाचे वनाच्छादन मोजले: १९७२-७५ मध्ये भूभागाच्या सुमारे १६.९ टक्के, १९८०-८२ मध्ये सुमारे १४.१ टक्के. सरकारदप्तरी वनजमीन यापेक्षा पुष्कळ अधिक होती. कागदावरचे वन आणि जमिनीवरचे वन यांतील अंतर देशाला प्रथमच आकड्यांत दिसले आणि मोठी खळबळ उडाली.

१४/
१९८१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय वन सर्वेक्षणाने १९८७ मध्ये पहिला वनस्थिती अहवाल काढला. पुढील वर्षी, १७ मार्च १९८८ रोजी, स्वदेशी बनावटीचा आयआरएस-१ए उपग्रह कक्षेत गेला आणि चित्रांसाठीचे परावलंबित्व कमी झाले. आज वन सर्वेक्षणाची व्याख्या अशी आहे: एक हेक्टरहून मोठ्या ज्या जमिनीवर वृक्षांचे छत्र १० टक्क्यांहून अधिक, ते वनाच्छादन. मालकी कोणाचीही असो, झाडे कोणतीही असोत. ही व्याख्या नीट वाचावी. तिच्यात गवताला स्थान नाही.

१५/
आता मूळ प्रश्नाकडे: उपग्रहाला वणवा दिसतो कसा? त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग ज्वाळा पाहण्याचा. तापलेली वस्तू जितकी अधिक तापते, तितक्या कमी लांबीच्या लहरी ती अधिक फेकते. साध्या जमिनीचे उत्सर्जन १० मायक्रोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते. पेटलेल्या गवताचे ३ ते ४ मायक्रोमीटरच्या आसपास. म्हणून ४ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात पाहिले की आग आजूबाजूच्या जमिनीतून उठून दिसते.

१६/
१८ डिसेंबर १९९९ रोजी सुटलेल्या टेरा आणि ४ मे २००२ रोजी सुटलेल्या अ‍ॅक्वा या उपग्रहांवर मोडिस हे यंत्र बसवलेले होते. आग टिपण्यासाठी त्याचा ठिपका एक किलोमीटरचा, म्हणजे १०० हेक्टरांचा. पण त्यातील हजारावा भाग जरी पेटला असेल तरी ते खूण करू शकते. २००४ पासून भारतीय वन सर्वेक्षण या खुणांवरून राज्यांच्या वनविभागांना वणव्याची सूचना देऊ लागले. २०११ मध्ये सुटलेल्या सुओमी एनपीपी उपग्रहावरील व्हीआयआयआरएस यंत्राने हा ठिपका ३७५ मीटरांवर, म्हणजे सुमारे १४ हेक्टरांवर आणला.

१७/
येथे एक गफलत वारंवार होते. ‘अमुक जिल्ह्यात इतक्या आगी’ असे आकडे प्रसिद्ध होतात आणि वाचक त्यांना जळालेले क्षेत्र समजतो. प्रत्यक्षात ती उष्ण ठिपक्यांची गणती असते. एक मोठा वणवा दहा ठिपके देऊ शकतो. एक लहान आग एकही देत नाही. शिवाय अ‍ॅक्वा आणि सुओमी एनपीपी हे उपग्रह दुपारी व रात्री दीडच्या सुमारास येतील असे नियोजन होते. दुपारी तीनला पेटून पाचला विझलेला नान्नजचा माळ त्यांच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या फटीत निसटतो.

१८/
दुसरा मार्ग आगीनंतरची राख पाहण्याचा. हिरवी झाडी जवळचा अवरक्त प्रकाश भरपूर परावर्तित करते आणि पानांतील पाण्यामुळे लघुलहरी अवरक्त प्रकाश शोषते. जळाल्यावर नेमके उलट होते. दोन्ही पट्ट्यांची वजाबाकी भागिले बेरीज केली की ‘सामान्यीकृत दहन निर्देशांक’ मिळतो. आगीपूर्वीचा निर्देशांक वजा आगीनंतरचा निर्देशांक म्हणजे नुकसानीची तीव्रता. लघुलहरी अवरक्त पट्टे लँडसॅटवर १९८२ मध्ये, चौथ्या उपग्रहासोबत आले. त्यांच्यासोबतच ठिपका ३० मीटरांवर उतरला.

१९/
समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. दाट जंगलात दोन पट्ट्यांचे परावर्तन ०.४० आणि ०.१२ असेल, तर निर्देशांक ०.५४. जळाल्यावर ते ०.१५ आणि ०.२५ झाले, तर निर्देशांक उणे ०.२५. फरक ०.७९. या पद्धतीच्या प्रचलित कोष्टकात ०.६६ च्या वरचा फरक म्हणजे अतितीव्र दहन. नकाशावर तो भाग लालभडक दिसेल, वर्तमानपत्रात छापला जाईल आणि पुनर्वनीकरणासाठी निधी मागण्याचा आधार होईल.

२०/
आता हेच गणित नान्नजच्या माळावर मांडू. चैत्रातले गवत आधीच वाळलेले, म्हणून परावर्तन ०.२८ आणि ०.२७, निर्देशांक ०.०२. सगळे गवत जळून गेल्यावर ०.१४ आणि ०.१९, निर्देशांक उणे ०.१५. फरक अवघा ०.१७. त्याच कोष्टकात हे ‘सौम्य दहन’ ठरते. माळावर एक काडी शिल्लक राहिलेली नसते, तरीही नकाशा त्याला फिका रंग देतो. मोजपट्टी जंगलासाठी बनलेली. गवताकडे गमावण्याजोगी हिरवाईच त्या मोसमात नव्हती.

२१/
अभ्यासकांना ही अडचण ठाऊक आहे. म्हणून २००७ मध्ये मिलर आणि थोडी या संशोधकांनी सापेक्ष निर्देशांक सुचवला: आगीपूर्वी जे होते त्याच्या प्रमाणात फरक मोजायचा. विरळ वनस्पती असलेल्या जागी याने न्याय थोडा अधिक मिळतो. पण सोलापूरची माती आणखी एक पेच टाकते. ती काळी आहे.

२२/
माघ-फाल्गुनात मंगळवेढ्याकडे रब्बी ज्वारीची काढणी होते. उभे पीक गेले, नांगर फिरला, की खालची काळी माती उघडी पडते. उपग्रहाला जळालेला माळ आणि नांगरलेले काळे रान पुष्कळसे सारखेच दिसतात: दोन्ही गडद, दोन्हींवर हिरवाई नाही. त्यात हा साखर कारखान्यांचा जिल्हा. ऊसतोडीनंतर शेतात पाचट पेटवले जाते, तेव्हा वरच्या यंत्राला तीही आगच दिसते. वीटभट्ट्यांची धग वेगळीच. म्हणून उष्ण ठिपका दिसला की तो वनहद्दीच्या नकाशावर ठेवून पाहावाच लागतो.

२३/
आणि येथेच नान्नजची मूळ दुखणी पुढे येते. अभयारण्याची हद्द विशाल होती, पण तिच्यात गावे, शेते, रस्ते, सगळे आले होते. खरा राखीव माळ म्हणजे शेतांमध्ये विखुरलेले लहान तुकडे. पुढे सीमा नव्याने ठरून क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर झाले, तरी तुकडे तुकडेच राहिले. बांधावर पेटवलेले पाचट आणि शेजारी पेटलेला माळ हे दोन्ही १४ हेक्टरांच्या एकाच ठिपक्यात मावतात. शेतकऱ्याची आग आणि माळाचा वणवा यांत भेद करण्याचे काम पुन्हा माणसाकडे येते.

२४/
याहून खोल अडचण शब्दाची आहे. २००० पासून केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने हैदराबादच्या संस्थेसह देशाच्या पडीक जमिनींचे नकाशासंग्रह काढले. दख्खनच्या माळांचा मोठा भाग त्यांत ‘पडीक’ या सदरात पडला. पडीक म्हटले की उपाय ठरलेला: तेथे झाडे लावा, उद्योग आणा, प्रकल्प उभारा. माळांवर गिरिपुष्पासारख्या झाडांची लागवडही झाली. उघड्या माळावर दूरवर नजर ठेवून जगणाऱ्या माळढोकाला ती झाडी म्हणजे अडसर. जी जमीन आधीच निकामी ठरली, ती जळाली तर नुकसान कशाचे धरणार?

२५/
खरे तर त्या माळात बरेच काही असते. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते. काळवीट, लांडगा, खोकड, ससा. जमिनीवर घरटे करणारे चंडोल आणि धाविक. पहिल्या पावसात माळ पुन्हा हिरवा होतो, म्हणून गवताचे नुकसान अल्पजीवी वाटते. मात्र वैशाखाची होरपळ काढायला लागणारा चारा, आडोसा, बी आणि किडे या आगीत एकदम जातात. धनगराच्या मेंढ्यांनाही तेच लागते, हरणांनाही तेच. जुलैत घेतलेल्या उपग्रह चित्रात या वैशाखाचा मागमूस उरत नाही.

२६/
याचा अर्थ उपग्रह निरुपयोगी, असा नाही. २०१५ आणि २०१७ मध्ये सुटलेल्या सेंटिनेल-२ जोडीने दर पाच दिवसांनी एक फेरी आणि २० मीटरांचे लघुलहरी अवरक्त चित्र मिळू लागले. फेब्रुवारी ते मे या काळात सोलापूरचे आकाश बहुधा निरभ्र असते, हीदेखील मोठी सोय. आगीच्या आधीचे आणि नंतरचे चित्र काही दिवसांच्या अंतराचे निवडावे, शेते आधीच वगळावीत, गवतासाठी वेगळी मोजपट्टी बसवावी आणि काही जागी प्रत्यक्ष जाऊन राख पाहून ती पडताळावी. असे केले तर माळाचा वणवा एकरापर्यंत मोजता येतो.

२७/
इतिहासाच्या अभ्यासकासाठी तर याहून मोठे दालन उघडे आहे. २००८ मध्ये अमेरिकेने लँडसॅटचा सारा संग्रह विनामूल्य केला. १९७२ पासूनचा सोलापूर जिल्हा त्यात वर्षानुवर्षे साठत आला आहे. दुष्काळातले कोरडे तलाव, १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचे पसरत गेलेले पाणी, त्यामागोमाग वाढलेला ऊस, आक्रसत गेलेले माळ आणि त्यांच्यावर उमटलेले काळे डाग. ज्या वणव्यांची एकही कागदी नोंद उरली नसेल, त्यांतील काहींचे साक्षीदार या चित्रांत सापडू शकतात.

२८/
मात्र साक्षीदाराची उलटतपासणी करावी लागते. बखर वाचताना ती कोणी, कोणासाठी, किती वर्षांनी लिहिली हे विचारले जाते. उपग्रह चित्रालाही तेच प्रश्न लागू पडतात: ठिपका किती मोठा, फेरी किती वाजता, पट्टे कोणते, आणि वन या शब्दाची व्याख्या कोणाची? १८७८ नंतरच्या वहीने लाकूड मोजले आणि गवत किरकोळ ठरवले. एकविसाव्या शतकातील नकाशाने वृक्षछत्र मोजले आणि गवत पडीक ठरवले. साधन पार बदलले. रकाना मात्र बराचसा तोच राहिला.

२९/
आज नान्नजला माळढोक दिसणे ही विरळा घटना झाली आहे. साऱ्या देशात मिळून हा पक्षी दोनशेहूनही कमी उरला आहे. त्याला एकट्या वणव्याने घालवले नाही. शिकार, तुटत गेलेले माळ, विजेच्या तारा, बदललेली शेती अशी कारणांची मालिका मोठी आहे. पण ज्या भूमीचे नुकसान मोजण्याची पद्धतच नव्हती, तिचे राखण कोणत्या आधारावर करायचे, हा प्रश्न त्या मालिकेच्या मुळाशी आहे.

३०/
पुढच्या फाल्गुनातही माळ वाळेल आणि जाळरेषा काढल्या जातील. कोठे तरी ठिणगी पडेल, उपग्रह आपल्या वेळेला वरून जाईल आणि एक ठिपका नोंदवील अथवा नोंदवणार नाही. संध्याकाळी वनरक्षक राखेच्या कडेने चालत जाईल. कुसळीचे किती बुंधे पुन्हा फुटण्याजोगे राहिले, कोणते घरटे गेले, आग पाचटातून आली की रस्त्याकडून, हे त्याला पायांखाली दिसेल. त्याची वही आणि ते चित्र शेजारी शेजारी ठेवले, की माळाच्या वणव्याचा पुरा इतिहास लिहिता येईल.